अचानक बंद पडणाऱ्या डेस्कटॉपसाठी नवा पॉवर सप्लाय निवडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षांपूर्वी जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. मागील वर्षी आपण त्यात आरटीएक्स ३०७० हे वापरलेले ग्राफिक्स कार्ड बसवले. अलीकडे गेम चालू असताना संगणक कोणतीही पूर्वसूचना न देता बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. विंडोज कोसळल्यावर येणारा निळा पडदा दिसत नाही. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना बटण दोनदा दाबावे लागते. परिचितांनी थेट १००० वॅटचा सप्लाय घेण्याचा सल्ला दिला आहे आणि तो योग्य आहे का, असे आपण विचारता. शिवाय सप्लायला आठ पिनांचा एकच प्लग असल्यामुळे कार्डासाठी लागणारा दुसरा प्लग साटाच्या (हार्ड डिस्क, एसएसडी यांना वीज देणाऱ्या) दोन कनेक्टरांवरून अडॅप्टर लावून तयार केला आहे, हे आपण जाता जाता नमूद केले आहे.

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करणे भाग आहे, कारण संगणक बंद पडणे ही गैरसोय आहे, तर हा अडॅप्टर हा धोका आहे. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि प्रत्येक पिनेची क्षमता दीड अँपिअर धरलेली असते. म्हणजे एका कनेक्टरमधून साडेचार अँपिअर, अर्थात ५४ वॅट घेता येतात. दोन कनेक्टर मिळून १०८ वॅट झाले. ग्राफिक्स कार्डाच्या आठ-पिनी प्लगचे प्रमाण १५० वॅटचे आहे, आणि कार्डाला पलीकडे काय जोडले आहे हे कळण्याची कोणतीही सोय नसल्याने ते निःशंकपणे तेवढी वीज मागते. त्यातही हे दोन कनेक्टर सप्लायमधून निघणाऱ्या एकाच वायरीवर असतील, तर सगळा भार त्या एका वायरीवर येतो. संगणक बंद करून, भिंतीवरचा प्लग काढून, अडॅप्टरचे साटाकडील टोक उजेडात पाहावे. प्लास्टिक पिवळट किंवा तपकिरी पडले असेल, पिनांभोवती ते किंचित फुगले असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर तो अडॅप्टर पुन्हा वापरू नये. ३६०० या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्यामुळे कार्ड काढून ठेवून काम चालवणे शक्य नाही. एखादे जुने लहान कार्ड मिळाले तर ते बसवावे. ते मिळत नसेल आणि अडॅप्टरवर खुणा नसतील, तर नवा सप्लाय येईपर्यंत गेम पूर्ण बंद ठेवावेत आणि कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून शक्य तितकी खाली आणावी.

आता दोष खरोखर पॉवर सप्लायचाच आहे का, हे पाहू. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा प्रत्येक घटनेनंतर ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते आणि तिच्यातील ‘पॉवर’ हा शब्द वाचून अनेक जण लगेच सप्लाय बदलतात. प्रत्यक्षात ही नोंद संगणक पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाली नव्हती. त्या नोंदीचा तपशील उघडून ‘बगचेककोड’ पाहावा. तो शून्य नसेल, तर विंडोजला कोसळण्याआधी कारण नोंदवण्याइतका अवधी मिळाला होता, आणि मग रॅम, ड्रायव्हर किंवा प्रोसेसर यांच्याकडे आधी वळावे. तो शून्य असेल, तर वीज किंवा रिसेटचा संकेत इतक्या झटक्यात गेला की काही लिहिण्याची संधीच मिळाली नाही. त्याच वेळेच्या आसपास ‘व्हिया-लॉगर’ची (WHEA-Logger, हार्डवेअरमधील चुकांची) नोंद आहे का, हेही पाहावे, ती असल्यास प्रोसेसर, त्याची कॅश किंवा पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डाशी जोडणारी) जोडणी यांच्यातील चुकीकडे बोट जाते आणि सप्लायवरचा संशय थोडा सैल होतो.

तापमानाचा प्रश्न वेगळा काढणे सोपे आहे. आजचे प्रोसेसर आणि कार्डे तापली की आधी आपला वेग कमी करतात आणि बंद पडण्याची वेळ त्यानंतर येते; त्यामुळे उष्णतेने बंद पडणाऱ्या संगणकात आधी काही काळ गेम अडखळत चाललेला असतो. सप्लायमुळे बंद पडणारा संगणक मात्र बऱ्याचदा लोड बदलण्याच्या क्षणी जातो: नवे दृश्य उघडताना, लोडिंग संपून खेळ सुरू होताना, किंवा फ्रेमवर मर्यादा नसलेल्या एखाद्या साध्या मेन्यूत, जिथे कार्ड विनाकारण पूर्ण ताकदीने धावत असते. आपल्याकडे नेमके कोणत्या क्षणी घडते, हे दोन-तीन वेळा लक्षपूर्वक पाहिले असेल तर आठवून पाहावे.

एक चाचणी नव्या खर्चाशिवाय करता येते, पण आपल्या जोडणीत ती अडॅप्टर निर्दोष दिसला तरच आणि समोर बसूनच करावी. कार्डाची वीजमर्यादा ६० ते ७० टक्क्यांवर आणावी, गेमला फ्रेमची मर्यादा घालावी, आणि एरवी हमखास बंद पडणारा प्रसंग पुन्हा खेळून पाहावा. संगणक टिकला तर विजेच्या पुरवठ्यावरचा संशय बळावतो. सिद्ध मात्र होत नाही, कारण मर्यादा घातल्याने कार्ड थंडही राहते आणि त्याच्या स्वतःच्या वीजमंडलावरचा ताणही उतरतो; आपले कार्ड वापरलेले असल्याने ही शक्यता सोडून देता येत नाही. निर्णायक चाचणी एकच: पुरेशा क्षमतेचा, चांगला चालत असलेला दुसरा सप्लाय काही दिवस लावून पाहणे. ते जमण्यासारखे असेल तर पुढचे सगळे वाचण्याआधी तेच करावे.

मल्टीमीटर अनेकांकडे असतो, म्हणून त्याची मर्यादाही सांगतो. मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या) प्लगच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीमध्ये १२ व्होल्ट आणि लाल व काळ्या वायरीमध्ये ५ व्होल्ट मोजता येतात. प्रमाणानुसार दोन्हींना पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ या दरम्यान आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या दरम्यान असली पाहिजे. गेम चालू असताना आकडा ११.४ च्या खाली दिसला तर निकाल लागला. आकडा नीट दिसला तर मात्र काहीही सिद्ध होत नाही, कारण मीटर सेकंदाच्या बऱ्याच मोठ्या भागाची सरासरी दाखवतो आणि आपला दोष काही मिलिसेकंदांत घडून जातो. हिरवी वायर काळीला जोडून सप्लायचा पंखा फिरतो का, हे पाहण्याची जी युक्ती सर्वत्र सांगितली जाते, ती याहून कमी उपयोगाची आहे. लोड नसताना पंखा फिरवणे मरणपंथाला लागलेल्या सप्लायलाही जमते.

त्या मिलिसेकंदांत काय घडते, हे समजले की निवडीचे निकष पाठ करावे लागत नाहीत. सप्लायमधून २४ पिनांच्या प्लगातील एका वायरीवर मदरबोर्डाला सतत एक संकेत जात असतो, ज्याला ‘पॉवर गुड’ म्हणतात. आपली सर्व व्होल्टेज योग्य मर्यादेत आहेत, असे सप्लायने दिलेले ते आश्वासन असते. आरटीएक्स ३०७० हे कार्ड कागदावर २२० वॅटचे आहे, पण हा आकडा सरासरीचा आहे. कार्डातील हजारो गणनाकेंद्रे एकाच वेळी कामाला लागली की अतिशय अल्प काळासाठी मागणी दीडपट किंवा त्याहूनही वर उसळते. सप्लायचे नियंत्रण त्या उसळीला प्रतिसाद देईपर्यंतचा मधला अवधी आउटपुटकडच्या कपॅसिटरांनी साठवलेल्या विजेवर निभावायचा असतो. कपॅसिटर ताजे असतील तर व्होल्टेज किंचित वाकून सावरते. ते वाळलेले असतील तर व्होल्टेज खोल जाते, ‘पॉवर गुड’ मागे घेतला जातो, आणि मदरबोर्ड त्याच क्षणी सगळे रिसेट करतो. निळ्या पडद्याला येथे वावच नसतो.

आपल्या वर्णनातील एक तपशील या संदर्भात फार मोलाचा आहे: संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. सप्लायची अतिभाराची किंवा शॉर्टसर्किटची सुरक्षा कार्यान्वित झाली, तर सप्लाय बहुधा अडकून बसतो आणि मागचा स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय किंवा निदान पॉवर बटण पुन्हा दाबल्याशिवाय जागा होत नाही. आपोआप सुरू होणे हे व्होल्टेज क्षणभर खचल्याचे लक्षण अधिक आहे. त्याला सकाळच्या दोनदा दाबाव्या लागणाऱ्या बटणाची जोड दिली की चित्र बरेच स्पष्ट होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरातील द्रव वर्षानुवर्षे उष्णतेने आटत जातो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. हा रोध थंड असताना आणखी जास्त असतो, म्हणून थकलेला सप्लाय रात्रभर थंड झाल्यावर पहिल्या दाबाला अडतो आणि थोडा तापल्यावर मुकाट काम करतो. दर दहा अंश सेल्सिअस वाढीमागे कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपला सप्लाय वर्षभर त्याच्या क्षमतेच्या टोकाशी, म्हणजेच सतत गरम राहून चालला आहे. माझा कौल सप्लायच्या विरोधात आहे. मात्र मागील वर्षी बसवलेल्या कार्डाने त्याच्यावर पहिल्या दिवसापासूनच जड काम टाकले, हेही तितकेच खरे.

आता किती वॅटचा घ्यावा हा प्रश्न. ३६०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला गेला, पण मूळ सेटिंगमध्ये तो सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत घेतो. त्यात कार्डाचे २२० मिळवले की ३०८ झाले. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क, पंखे आणि यूएसबीवरची उपकरणे यांना मिळून ढोबळमानाने ७० ते ८० वॅट धरावेत. एकूण ३८० ते ३९०. ‘मग ४५० पुरायला हवे होते’ असे येथे वाटते, आणि येथेच खोक्यावरचा मोठा आकडा फसवतो. सप्लायच्या अंगावरील लेबलवर प्रत्येक लाइनचे अँपिअर छापलेले असतात. स्वस्त किंवा जुन्या रचनेच्या ४५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टसमोर ३० अँपिअर लिहिलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही. ३० गुणिले १२ म्हणजे ३६० वॅट. उरलेली क्षमता ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेली असते, जिची आजच्या संगणकाला फारशी गरज नाही, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टवरच घेतात. १२ व्होल्टच्या दोन-तीन लाइन वेगवेगळ्या दाखवल्या असतील तर त्यांची बेरीज करू नये. खाली छापलेला एकत्रित वॅटचा आकडाच ग्राह्य धरावा.

म्हणून आपल्यासाठी माझी शिफारस चांगल्या प्रतीच्या ६५० वॅटची आहे, आणि पुढे याहून मोठे कार्ड घेण्याचा विचार असेल तर ७५० वॅटची. कार्डाचा निर्माता एनव्हिडियाही ३०७० साठी ६५० वॅटच सुचवतो. त्या सूचनेत सामान्य प्रतीच्या सप्लायसाठी सोडलेली जागा आधीच धरलेली असते, त्यामुळे तिच्यावर पुन्हा दीडपट करण्याचे कारण नाही. १००० वॅटच्या सप्लायने अपाय काहीच होणार नाही, कारण सप्लाय स्वतःहून वीज ढकलत नाही, संगणक मागेल तेवढीच देतो. पण त्याच खर्चात ६५० वॅटचा उत्तम सप्लाय येत असताना १००० वॅटचा सुमार सप्लाय घेणे हा उलटा सौदा आहे, आणि परिचितांचा सल्ला मानला तर बहुधा तेच होईल. मोठा आकडा छापायला काहीच लागत नाही.

प्रत ओळखायची कशी? पहिली खूण वर आलीच आहे: १२ व्होल्टच्या लाइनवर एकूण क्षमतेच्या जवळजवळ सर्व वॅट मिळाले पाहिजेत. ६५० वॅटच्या सप्लायवर ५४ अँपिअर छापलेले असतील तर ते ६४८ वॅट झाले, आणि त्यावरून असेही अनुमान निघते की ५ व ३.३ व्होल्ट आत १२ व्होल्टमधूनच, वेगळ्या डीसी-डीसी मंडलाने (एका व्होल्टेजचे दुसरे करणाऱ्या) तयार होत आहेत. जुन्या रचनेत १२ आणि ५ व्होल्ट एकत्र नियंत्रित होत असत. तेथे एका लाइनवर भार एकदम वाढला की दुसरीही हलते. अशी रचना नव्या संगणकासाठी घेऊ नये. दुसरी खूण म्हणजे मागच्या बाजूला ११५ आणि २३० व्होल्ट निवडण्यासाठी लाल स्विच असणे. तो दिसला की सप्लाय बाजूला ठेवावा. आधुनिक सप्लाय १०० ते २४० व्होल्ट स्वतः ओळखून घेतो. क्षमता किती तापमानाला मोजली आहे हेही पाहावे: ४० किंवा ५० अंशांना पूर्ण क्षमतेची हमी देणारा आणि २५ अंशांना देणारा, हे एकाच आकड्याचे दोन अगदी वेगळे सप्लाय असतात.

‘८० प्लस’च्या ब्राँझ, गोल्ड या श्रेणींविषयी बराच गैरसमज आहे. ती कार्यक्षमतेची श्रेणी आहे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकाला मिळते आणि किती उष्णतेत जाते एवढेच ती सांगते. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के लागतात. व्होल्टेज किती स्थिर आहे, त्यात तरंग (व्होल्टेजमधील बारीक, जलद चढउतार) किती आहे, उसळी सोसवते का, सुरक्षा वेळेवर काम करतात का, यांपैकी काहीही त्या चाचणीत तपासले जात नाही. तरीही मी गोल्डकडे झुकतो, कारण ती कार्यक्षमता गाठायला आतली रचना आधुनिक असावी लागते आणि कमी उष्णतेचा लाभ कपॅसिटरांना मिळतो. पण निर्णय घ्यावा तो ऑसिलोस्कोप लावून केलेल्या सविस्तर चाचण्या वाचून. १२ व्होल्टवर तरंगाची अधिकृत कमाल मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे; चांगले सप्लाय पूर्ण लोडवरही तिच्या निम्म्याच्या बरेच खाली राहतात. एकाच कंपनीची एक मालिका उत्कृष्ट आणि दुसरी टाकाऊ असू शकते, कारण अनेक कंपन्या आपले सप्लाय वेगवेगळ्या कारखान्यांकडून करून घेतात. म्हणून नाव न पाहता नेमके मॉडेल पाहावे. सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी हीदेखील एक बोलकी खूण आहे.

२०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या प्रमाणाचा उल्लेख येथे करायलाच हवा, कारण ते आपल्याला भेडसावणाऱ्या उसळीसाठीच लिहिले गेले. मोठ्या कार्डांसाठीच्या सप्लायने अतिशय अल्प काळ, म्हणजे १०० मायक्रोसेकंद, आपल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी झेलली पाहिजे, अशी अट त्यात आहे. त्यानंतर २०२३ मध्ये ३.१ आले. ३०७० ला नव्या १६-पिनी प्लगची सक्ती नाही, तरीही समान प्रतीच्या दोन सप्लायमध्ये निवड करायची झाल्यास एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा घ्यावा.

प्लग मोजूनच खरेदी करावी: मदरबोर्डासाठी २४ पिनांचा, प्रोसेसरसाठी आठ किंवा चार पिनांचा, आणि कार्डासाठी दोन आठ-पिनी. हे दोन्ही वेगवेगळ्या वायरींवर यायला हवेत. एका वायरीच्या टोकाला दोन प्लग दिलेले असतात, त्यांपैकी एकेकच वापरावा. आकाराची अडचण आपल्या जोडलेल्या संगणकात येऊ नये, कारण एटीएक्स सप्लायची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर ठरलेली असते. फक्त लांबी वेगवेगळी असते, ती कॅबिनेटमध्ये मोजून पाहावी. हे वाचणाऱ्या ज्यांचा संगणक मोठ्या कंपनीने तयार करून विकलेला आहे, त्यांनी मात्र खरेदीपूर्वी कॅबिनेट उघडून प्लग पाहावा; अशा अनेक यंत्रांत कंपनीचा स्वतःचा प्लग किंवा केवळ १२ व्होल्टवर चालणारा मदरबोर्ड असतो.

यूपीएस वापरत असाल तर एक गोष्ट तपासावी. नव्या सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीतपणे खेचणारी यंत्रणा) असते, आणि बॅटरीवर गेल्यावर पायऱ्यांसारखी लहर देणाऱ्या काही स्वस्त यूपीएसांशी तिचे जुळत नाही; वीज गेली की संगणकही जातो आणि दोष नव्या सप्लायला दिला जातो.

बसवताना सर्वांत महत्त्वाचा नियम असा की मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) सप्लाय घेतल्यास जुन्या सप्लायची एकही वायर ठेवू नये. मदरबोर्डाकडील टोक प्रमाणित असते, पण सप्लायकडील टोकाला कोणतेही प्रमाण नाही. प्लग त्याच आकाराचा असून पिनांचा क्रम वेगळा असल्याने ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि हार्ड डिस्क पहिल्याच सेकंदाला जळते. असा संगणक दुरुस्तीला येतो तेव्हा मालकाचा पहिला प्रश्न फोटोंचा असतो. तो साटा अडॅप्टरही कॅबिनेटबाहेर काढावा. जुना सप्लाय उघडून कपॅसिटर बदलण्याचा मोह टाळावा. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक भार असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो.

नवा सप्लाय लागल्यावर कार्डाची वीजमर्यादा आणि फ्रेमची मर्यादा मूळ जागी आणावी आणि पूर्वी जिथे संगणक हमखास बंद पडत असे तोच प्रसंग, बदलीची मुदत संपण्याच्या आत, पुन्हापुन्हा खेळून पाहावा. तरीही तेच घडले तर सप्लाय आणखी मोठा घेऊ नये. मेमटेस्ट या प्रोग्रॅमने रात्रभर रॅम तपासावी, एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पाहावे, आणि ते कार्ड दुसऱ्या एखाद्या सक्षम संगणकात लावून तोच गेम चालवावा. वापरलेल्या कार्डाच्या बाबतीत मी ही शेवटची पायरी सर्वांत आधी घेतली असती.